ग्वाल्हेरला राहून पॅडलबोर्डिंग किंवा कयाकिंगचा छंद जमेल का? वय ४४, पोहणं जेमतेम. बोर्ड घेऊ की कयाक?

कयाक घ्या.

खरं तर एवढंच लिहून थांबणार होतो. पण तुम्ही प्रश्नात शेवटी लिहिलंय ना, की मित्र म्हणतो "कयाक म्हणजे बसून केलेलं बोटिंग, खरी मजा बोर्डावर उभं राहण्यात", ते वाक्य वाचलं आणि चहा बाजूला ठेवला. हेच वाक्य मी सख्ख्या मोठ्या भावाच्या तोंडून गेली काही वर्षं ऐकतोय. आम्ही ग्वाल्हेरच्या लश्कर भागात एकाच वाड्यात राहतो, तो वर, मी खाली, म्हणजे जिन्यातसुद्धा ऐकावं लागतं.

झालं असं की दादा गोव्याला गेला, तिथे कोणीतरी त्याला वीस मिनिटं पॅडलबोर्डावर उभं केलं, आणि परत आला तो वेगळाच माणूस. पंधरा दिवसांत हवा भरायचा बोर्ड मागवला, साडेदहा फुटी. मी मागे कसा राहणार, मी दोन सीटची हवेचीच कयाक घेतली, कारण आमची ही म्हणाली मी पण येणार. (आली. दोनदा.) तेव्हापासून घरात दोन पार्ट्या, उभे आणि बसलेले.

तर फेब्रुवारीच्या शेवटचा एक रविवार, तिघऱ्याला, म्हणजे आपल्या तिघरा धरणावर जायचं ठरलं. सहाला निघायचं होतं, निघालो पावणेआठला, त्यात दादाला वाटेत बेडई (डाळ भरलेली पुरी) खायची होती, मग तिथे कोणी ओळखीचा भेटला. पोचून पंप मारायला घेतला तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. ज्यांनी हातपंपानं बोर्ड फुगवलाय त्यांनाच कळेल, आठ पीएसआयपर्यंत (हवेचा दाब मोजायचं माप) पंप हसत चालतो आणि त्याच्या पुढे पंधरापर्यंत जीव काढतो. कयाकला तेवढा दाब लागतच नाही, माझी सात-आठ मिनिटांत तयार. मी बसून बघतोय, दादा घामाघूम, आणि तेवढ्यात लक्षात आलं की फिन नाहीये.

फिन म्हणजे बोर्डाच्या खाली मागच्या बाजूला लावतात ते पातं. ते नसेल तर बोर्ड सरळ जात नाही, एका बाजूनं पॅडल मारलं की नाक दुसऱ्या बाजूला वळतं. दादा म्हणाला एवढ्याशा प्लास्टिकनं काय होतंय. मी म्हणलं राहू दे, आज कयाकमध्येच ये. तर म्हणे, "मी नाही बसत तुझ्या आरामखुर्चीत."

काठावर एक केवट, म्हणजे नावाडी, जाळं सोडवत बसला होता, तो म्हणाला, "भाईसाब, दस के बाद हवा उठेगी, उधर मत निकल जाना." दादानं त्याला हात केला आणि निघाला.

आता इथे नीट वाचा, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे. वारा आमच्या पाठीकडून, म्हणजे काठावरून पाण्याकडे होता. असा वारा सगळ्यात फसवा. काठाला आडोसा असतो म्हणून तिथलं पाणी आरशासारखं दिसतं, आणि आत जाताना पाठीवर ढकलतो म्हणून वाटतं वा, काय मस्त जमतंय. दादा रथात उभा राहिल्यासारखा सरसर गेला. मी मागे. अर्धा किलोमीटर आत गेल्यावर लाटा दिसायला लागल्या, मी ओरडलो वळ, आणि तो वळला, आणि तिथेच सगळं संपलं. उभा माणूस म्हणजे शीड. शंभर किलोचं शीड (शहाण्णव म्हणतो तो). वारा छातीवर, खाली फिन नाही, एक पॅडल मारलं की बोर्ड गर्रकन आडवा, दुसऱ्या बाजूनं मारलं की तिकडे आडवा, आणि या सगळ्या गोल गोल फिरण्यात तो आणखी आत चाललेला. मी घसा फाटेस्तोवर ओरडतोय, गुडघ्यावर बस, गुडघ्यावर बस! गुडघ्यावर बसलं की वाऱ्याला अंग निम्मं मिळतं आणि तोलही खाली येतो, हे त्याला माहीत होतं. पण काठावर वहिनी मोबाईल धरून उभ्या होत्या ना. नाही बसला.

पडला.

लीश, म्हणजे माणसाला बोर्डाशी बांधणारी दोरी, पायाला होती, तीसुद्धा वहिनींनी हट्ट केला म्हणून. लाइफ जॅकेट कुठे होतं? बोर्डावर पुढे इलॅस्टिकच्या दोरीखाली अडकवलेलं, कारण त्यात म्हणे फोटो चांगला येत नाही. दादा पोहायला पट्टीचा आहे, हे मी मान्य करतो. पण फेब्रुवारीचं गार पाणी, लाटा तोंडावर, आणि बोर्डाच्या शेपटीकडून वर चढायचा प्रयत्न करत होता, मग बोर्ड सटकणारच. चढायचं मधून, मधला हँडल धरून, पाय मागे मारत अंग पाण्यावर आडवं करून पोटावर सरकायचं. मी हे ओरडून सांगेपर्यंत त्याच्याजवळ पोचलो आणि त्यानं काय करावं, माझ्या कयाकची कड धरून वर चढायला गेला. मधून! शहाण्णव किलो! कयाक उलटली, मी पाण्यात, चष्मा तिघऱ्याला अर्पण.

पुढचं थोडक्यात. मी जॅकेट घातलेलं होतं म्हणून वर तरंगत डोकं चालवू शकलो. कयाक सरळ केली, आत चढलो, त्याच्या बोर्डाला दोरी बांधली, त्याला पोटावर झोपवून हातानं पाणी मारायला लावलं, आणि सरळ वाऱ्यावर न जाता तिरकं जाऊन बाजूच्या काठाला लागलो. गाडीपासून दीड-एक किलोमीटर लांब. तिथून बाभळीच्या काट्यांतून अनवाणी, डोक्यावर बोर्ड, कारण खाली ठेवला तर तोही पंक्चर.

आता दादाची आवृत्ती ऐका, जी दर गणपतीत आरतीनंतर पाहुण्यांना साभिनय सांगितली जाते. "याची कयाक उलटली, चष्मा गेला, याला काही दिसेना, मग मी याला माझ्या बोर्डावर ओढून घेतलं." यातला प्रत्येक शब्द खरा आहे हो. ओढून घेतलंच होतं त्यानं, दोन मिनिटं. पण कयाक का उलटली, मी तिथे का गेलो होतो, हे कोण सांगणार! आई त्याच्या बाजूनं. आईला वाटतं कयाक धोकादायक असते, कारण उलटली ती कयाक, बोर्ड तर उलटला नाही.

म्हणून तुमच्या मित्राला सांगा की उभं राहणं हे काही मर्दुमकीचं प्रमाणपत्र नाही. आणि बसून वल्हवणं म्हणजे म्हातारपण असं ज्याला वाटतं त्यानं आपल्याच ग्वाल्हेरच्या प्राची यादवचं नाव काढावं. पाय साथ देत नाहीत, आधी पोहायची, मग भोपाळच्या तलावावर पॅराकॅनो, म्हणजे दिव्यांगांची वल्हवण्याची शर्यत, शिकली, टोकियो पॅरालिम्पिकला या खेळात गेलेली पहिली भारतीय, २०० मीटरच्या फायनलला आठवी, आणि २०२३ च्या हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत एक सुवर्ण आणि एक रौप्य. सगळं बसून. शेजारच्या भिंडची पूजा ओझा, तीही याच खेळातली, ती तर गौरी सरोवरावर शिकली. तेव्हा "या वयात जमेल का" वगैरे सोडा, ४४ काही वय नाही. जोर दंडातून काढू नका, कमरेतून अंग पिळून काढा, नाहीतर दुसऱ्या दिवशी खांदे बोलतील.

बाकी उभे विरुद्ध बसलेले हे भांडण आमच्या वाड्यातलंच आहे असं नाही. पॅडलबोर्ड हा खेळ कोणाचा यावरून सर्फिंगवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आणि कॅनोवाल्यांची संघटना थेट क्रीडा लवादापर्यंत गेल्या होत्या, २०२० मध्ये निकाल लागला की ऑलिम्पिकपुरता सर्फिंगवाल्यांचा, पण स्पर्धा दोघांनी भरवाव्यात. मी हा निकाल दादाला वाचून दाखवला तर तो म्हणाला बघ, बोर्डच जिंकला. अशा माणसाशी काय बोलणार.

तिघऱ्याबद्दल. शहराचं पिण्याचं पाणी आहे ते, तेव्हा कुठूनही उतरू नका, बोट क्लबच्या बाजूला विचारून, ते म्हणतील तिथूनच. सकाळी लवकर जा, दहाच्या आत पाण्याबाहेर. ऑक्टोबर ते मार्च ठीक, डिसेंबर-जानेवारीत धुकं असेल त्या दिवशी नाही, काठ दिसेनासा झाला की दिशाच कळत नाही. एप्रिलनंतर लू, म्हणजे गरम झळा, मग विषयच संपला. पावसाळ्यात धरणाची दारं उघडतात तेव्हा चुकूनही नाही. आणि "आपलं ते शांत धरण" असं म्हणू नका, सांक नदीवरचं हे धरण शिंदे सरकारनं १९१६ ला बांधून घेतलं आणि १९१७ च्या ऑगस्टमध्ये ते फुटलं, खालच्या दगडातून पाणी झिरपून पायाच सरकला. नंतर परत उभं केलं. विश्वेश्वरय्यांची ती आपोआप उघडणारी दारं पुण्याच्या खडकवासल्यासारखी इथेही बसली होती. आमची आजी तिच्या सासूकडून ऐकलेली पुराची गोष्ट सांगायची, आणि शेवटी न चुकता म्हणायची की इंजिनेराला पाण्यानं शिकवलं.

चंबळचं विचारलंय तुम्ही. नको. ते घडियालांचं (लांब तोंडाच्या सुसरींचं) अभयारण्य आहे, वन खात्याच्या बोटीतून बघा, तिथे मगरीही आहेत, आणि मार्च-एप्रिलमध्ये घडियाल वाळूवर अंडी घालतात, त्या वाळूवर आपण कयाक ओढत उतरायचं म्हणजे अक्कल गहाण ठेवायची. तिघऱ्यातसुद्धा उतरण्याआधी केवटांना मगरीचं विचारा. ते दिवसरात्र तिथेच असतात, खरं काय ते तेच सांगतील.

पोहणं जेमतेम म्हणालात, तर जॅकेट अंगात, बक्कल लावलेलं. अंगात! आणि पहिल्या दिवशी कुठे जायचंच नाही, कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम दहा वेळा पडायचं आणि दहा वेळा वर चढायचं, ते जमल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. हे आम्ही दोघांनीही केलं नव्हतं. लीश फक्त साठलेल्या पाण्यात घोट्याला, वाहत्या पाण्यात घोट्याला बांधलीत आणि ती दगडात किंवा झाडात अडकली तर पाणी वाकूच देत नाही, तिथे कमरेची, एका झटक्यात सुटणारी लागते. दुसऱ्याला वाचवायला गेलात तर त्याला आपल्या कयाकचं टोक धरायला सांगा, कड नाही. हे मी सोदाहरण सांगितलंच आहे. आणि फुगवलेला बोर्ड उन्हात काठावर टाकून जेवायला बसू नका, आतली हवा तापून दाब वाढतो आणि शिवण जाते, ग्वाल्हेरच्या उन्हात तर फारच. सावलीत ठेवा नाहीतर थोडी हवा सोडा.

आता थोडं खरं पण सांगतो. तुम्ही एकटेच जाणार असाल, घर तिसऱ्या मजल्यावर असेल, तर बोर्ड पाठीवर टाकून नेता येतो, माझी कयाक दोन माणसांशिवाय गाडीतून उतरत नाही आणि वाळायला दोन दिवस घेते, नीट वाळवली नाही तर कुबट वास मारते. बोर्डावरून खाली पाण्यात दिसतं ते कयाकमधून दिसत नाही. पाठ दुखत असेल तर तासभर पाय लांब करून बसणं त्रासाचं आहे, मलाही होतं. आणि सकाळी सातला, वारा शून्य, पाणी गुळगुळीत, अशा वेळी दादा उभा राहून जातो तेव्हा बघायला चांगला दिसतो, हे मी फक्त इथे लिहितोय. आमची ही हल्ली माझ्या कयाकमध्ये येत नाही, त्याचा बोर्ड मागून नेते आणि गुडघ्यावर बसून आरामात फिरते. तेव्हा बोर्डच घ्यायचा असेल तर रुंद घ्या, बत्तीस इंचांच्या आतला नको, पहिले काही दिवस गुडघ्यावर, आणि पॅडलचं पातं पुढच्या बाजूला कललेलं असतं तसंच धरा, नवीन माणूस हमखास उलटं धरतो.

आणि हो, फिन. ती दादानं घरी विसरली असं मी वर म्हणलंय असं वाटत असेल तर परत वाचा, मी फक्त "नाहीये" असं लिहिलंय. गेल्या दिवाळीत माळा साफ करताना माझ्या कयाकच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात एक फिन निघाली. ती त्याच्याच बोर्डाची आहे की कयाकसोबत आलेली आहे हे अजून बघितलेलं नाही. बघायची घाईही नाहीये. हिनं पाहिलीये ती, पण अजून वर सांगितलेलं नाही.