निवडलेली धाकटी, राबणारी थोरली

ताई,
आमचं घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. मी नागपूरच्या सदर भागात वाढले, संडे स्कूलपासून एकाच चर्चमध्ये आहे. बाबांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. मी स्टाफ नर्स आहे. रात्रपाळी आटोपून सकाळी त्यांना घेऊन जाते. धाकटी बहीण दोन वर्षांपासून एका नव्या प्रार्थना गटात जाते. तिथे साक्ष देते, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगते, गाताना रडते, पगाराचा मोठा हिस्साही तिथेच देते. घरखर्चाचं विचारलं तर म्हणते, "देव बघून घेईल." आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "हिला देवानं निवडलंय." मला प्रार्थनेत काहीच जाणवत नाही, उलट झोप येते. गेल्या महिन्यात धाकटी म्हणाली, "ताई, तुझं नाव जीवनाच्या पुस्तकात नसलं तर?" तारण होणाऱ्यांची नावं देव ज्यात लिहितो म्हणतात, ते हे पुस्तक. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. देव काहींनाच निवडतो का? मी त्याला नकोशी आहे का?
— मार्था, नागपूर

प्रिय मार्था,

आधी झोपेचं बोलू. रात्रभर वॉर्ड सांभाळायचा, सकाळी चार तास मशीनशेजारच्या स्टुलावर बसायचं, सुया काढल्या की बाबांच्या हातावर रक्त थांबेपर्यंत कापूस दाबून धरायचा. एवढं झाल्यावर डोळे मिटले की झोप येणारच. गेथशेमाने बागेत येशूनं जागं राहायला सांगितलेले त्याचे शिष्य पेत्र, याकोब आणि योहानही झोपलेच होते, आणि ते तर त्यानं स्वतः निवडलेले.

आता तुझा मोठा प्रश्न. देव काहींनाच निवडतो का, यावर ख्रिस्ती मंडळीत शेकडो वर्षं वाद झालेत आणि दोन्ही बाजू नागपुरात पोचल्या आहेत. 1845 मध्ये इथं आलेले स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे, ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. त्या परंपरेत सोळाव्या शतकातल्या कॅल्व्हिन या धर्मसुधारकाची शिकवण मानतात: जग घडण्याआधीच देवानं आपली माणसं निवडली. मेथडिस्ट परंपरा अठराव्या शतकातल्या वेस्ली या इंग्रज धर्मोपदेशकाच्या मागे जाते: कृपा सगळ्यांसाठी खुली आहे, ती घ्यायची की नाकारायची हे माणसाच्या हाती. आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी आपल्याच ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा या दोन्ही परंपरांचे लोक त्यात होते. वाद मिटवून नव्हे, वाद असतानाही ते एका टेबलावर प्रभुभोजनाला बसले. तुझ्या धाकटीला दोन वर्षांत ज्याचा निकाल लागल्यासारखा वाटतो, तो निकाल त्या विद्वानांनी लावायचं टाळलं.

माझा स्वतःचा कल वेस्लीकडे आहे, लपवत नाही. पण तुला आधार देईन तो पलीकडच्या बाजूचा. निवडीबद्दल सगळ्यात कडक बोलणारी सभा 1618-19 मध्ये हॉलंडमधल्या डॉर्ट गावी भरली. त्या सभेच्या निर्णयांत, पहिल्याच भागात, एक कलम खास तुझ्यासारख्यांसाठी आहे. ज्यांना जिवंत विश्वास आणि मनाची शांती अजून जोरानं जाणवत नाही, पण जे देवानं दिलेल्या मार्गांनी चालत राहतात, त्यांनी घाबरू नये आणि स्वतःला टाकलेल्यांत मोजू नये, असा त्याचा आशय. कर्मठातल्या कर्मठांनी हे लिहून ठेवलंय. मग प्रार्थना गटातून घरी येता येता धाकटीनं तुझं नाव पुस्तकातून कसं काय खोडलं?

शास्त्रात निवड म्हणजे काय, तेही जरा बघ. अब्राहामाला देवानं निवडलं ते त्याच्यामुळे पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांना आशीर्वाद मिळावा म्हणून. तुझ्या भाषेत सांगायचं तर ती ड्युटी लागण्यासारखी गोष्ट आहे. ड्युटी लागलेल्या नर्सला पेशंटपेक्षा मोठी कोणी म्हणत नाही. इस्राएल लोकांना तर मोशे तोंडावर सांगतो, तुम्ही संख्येनं जास्त होता म्हणून देवानं तुम्हाला निवडलं नाही, तुम्ही तर सगळ्यांत थोडे होता. त्याचं प्रेम होतं, एवढंच कारण. आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू विचारतो, मी तुम्हा बाराजणांना निवडलं ना, तरी तुमच्यातला एक सैतान आहे. येशूला धरून देणारा यहूदाही निवडलेलाच होता. गळ्यात बिल्ला अडकवून मिरवावं अशी ही गोष्टच नाही.

पण मार्था, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला वाटतं, तुझी तक्रार देवाकडे कमी आणि आईकडे जास्त आहे. धाकटीला देवानं निवडलं असेल-नसेल, आईनं मात्र नक्की निवडलंय. चर्चच्या दारात कौतुक होतं ते रडून साक्ष देणारीचं. डायलिसिसची फाईल सांभाळणारीला कोणी माईक देत नाही. हे दुखतं, आणि दुखायलाच हवं. फक्त आईच्या नजरेला देवाची नजर समजू नकोस. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत थोरल्या मुलींची ही गल्लत फार दिसते, मग घर कुठल्याही धर्माचं असो.

तुझ्या टोपणनावाची मार्था बेथानीची. तिच्याबद्दल सगळ्यांना एकच प्रसंग पाठ असतो: ती स्वयंपाकघरात वैतागली, तिची बहीण मरिया येशूच्या पायाशी बसली, आणि येशूनं मरियेची बाजू घेतली. त्यावर महिला मंडळात किती प्रवचनं झाली असतील! पण योहानाच्या अकराव्या अध्यायात लिहिलंय की येशूची मार्थेवर, तिच्या बहिणीवर आणि लाजरावर प्रीती होती. मार्थेचं नाव पहिलं. मरिया तिथे नुसती 'तिची बहीण'. पुढे त्यांचा भाऊ लाजर मेल्यावर येशूला सामोरं जाऊन "तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता" असं सुनावणारी मार्था, आणि "तू ख्रिस्त, देवाचा पुत्र" ही कबुली देणारीही तीच. तिच्या डोळ्यांत पाणी होतं की नाही, योहानानं लिहिलेलं नाही.

आता घरातलं. आईशी एकटीनं बोल, धाकटी नसताना. निवडीचा वाद काढू नकोस. "मी दमलेय आणि मला हे एकटीला जमत नाही," एवढंच सांग. धाकटीला आठवड्यातला एक डायलिसिसचा दिवस तिचा म्हणून नेमून दे, विनंती म्हणून नको, वाटणी म्हणून. घरखर्चातही तिचा आकडा ठरवा. ती म्हणाली, मी देवाला देते, तर तिला मार्काचा सातवा अध्याय उघडून दे. आईबापाला द्यायचं ते 'कुर्बान' म्हणून देवाच्या नावे सांगणाऱ्यांना येशूनं तिथे चांगलंच फटकारलंय. तिच्या श्रद्धेची टिंगल मात्र करू नकोस; तिला तिथे खरंच काही मिळत असेल, ते तिचं आहे. जीवनाच्या पुस्तकाचा विषय पुन्हा निघाला तर "ते पुस्तक तुझ्याकडे नाही, माझ्याकडेही नाही" म्हणून उठून जायचं.

रडू येत नसेल तर ओढून आणू नकोस. रात्रपाळीनंतरची उपासना चुकली तर पाळकसाहेबांना सरळ सांग; आजारी घरी प्रभुभोजन घेऊन येण्याची पद्धत आहे, बाबांसाठीही त्यांना बोलवता येईल. आणि झोप महिनोन्‌महिने अशीच तुटत राहिली, कशातच रस वाटेनासा झाला, तर दवाखान्यातल्याच एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला गाठ. तू नर्स आहेस, पेशंटला हेच सांगितलं असतंस.

धाकटी कुठला दिवस घेते, तेवढं कळव.

— तुझी ताई