एसडीएचबीचा अहवाल वाचताना

प्रिय विद्यार्थिमित्रा,

पॅरागँग्लिओमाच्या (चेतापेशींच्या पुंजक्यांजवळ होणारी, कधी अ‍ॅड्रेनालिनसारखी संप्रेरकं स्रवणारी गाठ) रुग्णात एसडीएचबी या जनुकातला (सक्सिनेट डिहायड्रोजनेज या एन्झाइमचा एक घटक बनवणारं जनुक) बदल सापडला म्हणून लगेच निष्कर्ष लिहू नकोस. बदल सापडला, एवढ्यावरून जनुक निकामी झालं असं ठरत नाही. विशेषतः एकाच अमिनो आम्लाचा फरक असेल तर प्रथिन खरंच गेलंय का, ते गाठीत पाहावंच लागतं.

सक्सिनेट डिहायड्रोजनेज हे एन्झाइम मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलात असतं. त्याचे ए, बी, सी, डी असे चार घटक. चौघांचीही जनुकं (एसडीएचए, एसडीएचबी, एसडीएचसी, एसडीएचडी) पेशीकेंद्रकात. त्यामुळे मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए तपासून इथे काहीच हाती लागत नाही. यातलं एसडीएचडी २००० साली पॅरागँग्लिओमाशी जोडलं गेलं आणि मायटोकॉन्ड्रियातलं प्रथिनही गाठ रोखतं हे सिद्ध झालं.

आनुवंशिक रुग्णात जनुकाची एक प्रत जन्मतः बिघडलेली असते, दुसरी गाठीच्या पेशींत नष्ट होते. मग सक्सिनेटचं फ्युमरेट होत नाही, ते साठत जातं. ते मायटोकॉन्ड्रियातून पेशीद्रवात येतं आणि हिफ हे प्रथिन (ऑक्सिजनची टंचाई असल्याचा इशारा देणारं) मोडायला लावणाऱ्या एन्झाइमांना अडवतं. ऑक्सिजन भरपूर असूनही पेशी टंचाई असल्यासारखी वागते, नव्या रक्तवाहिन्या मागते. डीएनएवरचे मिथाइल गट काढणारी एन्झाइमंही अशीच अडतात. एसडीएचएच्या दोन्ही प्रती जन्मापासून बिघडलेल्या असतील तर मात्र बाळाला ली सिंड्रोम (मेंदूचा गंभीर विकार) होऊ शकतो. जनुक तेच, आजार अगदी निराळा.

आता स्लाइड. गाठीच्या कापावर एसडीएचबीचं रंजन (प्रतिपिंड वापरून ते प्रथिन रंगवणं) करून घे आणि आधी रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशी बघ. तिथे दाणेदार तपकिरी रंग नसेल तर स्लाइड बाद, रंजन पुन्हा. अस्तर रंगलंय आणि गाठीच्या पेशी कोऱ्या आहेत, तरच 'प्रथिन नाही' म्हणायचं. फिकट, पसरट, दाणे नसलेला रंग पॉझिटिव्ह धरू नकोस; एसडीएचडीच्या गाठींत तो हमखास फसवतो. चारांपैकी कुठलाही घटक बिघडला तरी बी टिकत नाही, म्हणून कोरी स्लाइड दोषी जनुकाचं नाव सांगत नाही. एसडीएचएचं रंजनही गेलं असेल तर संशय एसडीएचएवर. त्याची छद्मजनुकं (जनुकासारख्या दिसणाऱ्या निकामी प्रती) आहेत, सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे डीएनएचा क्रम वाचताना, ती गोंधळ घालतात. रंजन कोरं आणि सिक्वेन्सिंग स्वच्छ असेल तर एखादा अख्खा एक्सॉन (जनुकाचा प्रथिनासाठीचा तुकडा) गळालाय का ते एमएलपीएने (तुकड्यांच्या प्रती मोजणारी चाचणी) पाहा.

वंशावळ विचारताना वडिलांची बाजू सोडू नकोस. एसडीएचडीचा बदल बहुधा वडिलांकडून आला तरच गाठ होते. आईकडून आला की ती पिढी निरोगी दिसते, पण मुलाकडून पुढच्या पिढीत आजार उगवतो. एसडीएचबीत ही अट नसते, मात्र गाठ शरीरात पसरण्याचा धोका अधिक, म्हणून पाठपुरावा आयुष्यभराचा. बदल असलेल्या प्रत्येकाला गाठ होतेच असं नाही, हे नातेवाइकांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांग. भीतीपोटी माणसं तपासणीच टाळतात.

आणि संशयित गाठीत तपासणीसाठी सुई घालण्याआधी रक्तातली मेटानेफ्रिन्स (अ‍ॅड्रेनालिनसारख्या संप्रेरकांपासून बनणारे पदार्थ) तपासलेली हवीत. नमुना रुग्णाला २० ते ३० मिनिटं आडवं झोपवून घ्यायचा. बसवून घेतला तर आकडा खोटा वाढतो. ही तपासणी राहिली आणि गाठ ही संप्रेरकं स्रवणारी निघाली, तर सुईच्या धक्क्याने रक्तदाब जिवावर बेतेल इतका चढू शकतो.

तुझा,
मार्गदर्शक