फ्रिजशेजारी झोपणारी मुलगी

प्रश्न : आमच्या वाचन मंडळाने या महिन्यात बनाना योशिमोतो यांची ‘किचन’ ही जपानी कादंबरी इंग्रजीतून वाचली. अर्ध्या जणींचं म्हणणं, आजी वारली तरी ही मिकागे रडायचं सोडून स्वयंपाकघराचं कौतुक करत बसते, आणि जेमतेम ओळखीच्या मुलाच्या घरी बिनदिक्कत राहायला जाते. हे दुःख म्हणायचं की पळ काढणं? मला मात्र पुस्तक खाली ठेववेना. गेल्या पावसाळ्यात माझी आजी गेली. पेडण्याचं घर कुलूपबंद आहे, मी इथे घरमालकिणीच्या माडीवर भाड्याने राहते. माझं वाचन भाबडं आहे का?
– एक वाचक, पर्वरी

उत्तर : मंडळातल्या मैत्रिणींना सांगा, मिकागे रडते. त्यांना हवं तिथे रडत नाही, इतकंच. जुना फ्लॅट रिकामा करण्याच्या धावपळीत ती बसने चाललेली असते. एका आजी-नातीचं बोलणं कानावर पडतं आणि तिचा बांध फुटतो. मध्येच उतरून, गल्लीत शिरून ती हमसून हमसून रडते. तेवढ्यात वरच्या उजळलेल्या खिडकीतून वाफ येताना दिसते, भांड्यांचा आवाज येतो. कुणाचं तरी स्वयंपाकघर! आणि तिला चक्क हसू येतं. ही दोन पानं मंडळात मोठ्याने वाचा, मग बोला म्हणावं.

राहता राहिलं परक्या घरी जाणं. आपल्याकडे मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही. शेजारीण पेजेचं भांडं नि लोणच्याची फोड आणून ठेवते, भावकीतलं कुणीतरी बळेबळे कडू घास भरवतं, तेव्हा कुठे माणूस उठून बसतो. मिकागेला भावकीच उरलेली नाही. आईवडील लहानपणी गेले, पुढे आजोबा, शेवटी आजी. फ्रिजची घरघर सोबतीला घेऊन ती स्वयंपाकघरात झोपते. अशा मुलीला घास कोण भरवणार? आजीच्या नेहमीच्या फुलांच्या दुकानात काम करणारा युइची तानाबे येऊन ‘आमच्याकडे राहा’ म्हणतो, तेव्हा मला तरी त्यात बेअब्रू दिसत नाही. तानाबेंच्या घरातला तो भला मोठा सोफा, आणि बदल्यात मिकागेने शिजवलेलं अन्न, एवढ्यावर तिघांचं घर उभं राहतं.

तिसरी एरिको. ती युइचीची आई आहे, पण एके काळी त्याचा बाप होती. बायको गेल्यावर तिने बाई म्हणून जगायचं ठरवलं. आता ती बार चालवते. तुमच्या मंडळात कुजबुज झालीच असेल. 1988 साली पुस्तक आलं तेव्हा लेखिका जेमतेम तेवीस वर्षांची होती, आणि तिने या बाईला ना हास्यास्पद केलं ना दयनीय. (‘बनाना’ हे टोपणनाव तिने केळफुलाच्या आवडीपायी घेतलं म्हणतात. आपण त्याची भाजी करून मोकळे होतो.) माझी तक्रार वेगळीच आहे. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच एरिकोचा खून होतो आणि लेखिका तो भराभर उरकते. पुस्तकातलं सगळ्यांत जिवंत माणूस दोन तरुणांचं दुःख वाढवायला खर्ची पडतं, हे मला आजही पटत नाही.

पण त्यानंतरचा प्रसंग मात्र काय उतरलाय! मिकागे कामानिमित्त इझूला गेलेली. रात्री भूक लागते म्हणून ती कात्सुदोन मागवते, म्हणजे गरम भातावर तळलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे, अंड्यात शिजवलेले. तिकडे दूरच्या एका गावी युइची नुसतं तोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, खात एकटा पडलाय. ती आणखी एक पार्सल बांधून घेते, मध्यरात्री टॅक्सी करते, त्याच्या मुक्कामाचं दार बंद म्हणून छपरावर चढते, हात खरचटून घेते आणि खिडकीतून आत शिरून त्याला जेवायला लावते. ज्यांनी तिला सांभाळलं, त्यांच्यातल्या उरलेल्या एकाला ती आता सांभाळते. पळ काढणारी मुलगी एवढं भाडं भरून टॅक्सी करील का?

तुमच्या पेडण्याच्या घराबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी आगाऊपणा करते. मिरगाआधी एकदा जाऊन कुलूप काढा, नळे शाकारून घ्या, वाळवी बघा. सोबत कुणाला तरी न्या. घरमालकीण येत असेल तर तिलाच न्या, आणि गेलात की तिथल्या चुलीवर निदान चहा तरी करा.

त्याच पुस्तकात शेवटी ‘मूनलाइट शॅडो’ नावाची स्वतंत्र कथा आहे. प्रियकर अपघातात गेलेल्या मुलीची. ‘किचन’ला जोडून एका दमात वाचू नका, मध्ये आठवडाभर जाऊ द्या. पुढच्या बैठकीला मंडळाने तीच घ्यावी, आणि चर्चा जेवणं झाल्यावर ठेवावी. उपाशीपोटी माणसं फार कडक परीक्षण करतात.