व्रतमुक्त मार्टिन बुत्सर

प्रश्न : युरोपातील धर्मसुधारणेविषयी वाचताना मठ सोडून प्रॉटेस्टंट उपदेशक झालेल्यांत ल्यूथरचेच नाव पुढे येते. आजन्म पाळायचे व्रत हे लोक मोडत कसे आणि पुढे त्यांचे काय होई?

उत्तर : प्रत्येकाची वाट निराळी होती, परंतु मार्टिन बुत्सरचे चरित्र पाहिले, तर आपल्या दोन्ही शंकांचे बरेचसे निरसन होईल. आल्सास प्रांतात १४९१ साली जन्मलेला बुत्सर अवघ्या पंधरा-सोळा वर्षांचा असताना डोमिनिकन या कॅथलिक संन्यासी संघाच्या मठात दाखल झाला. पुढे एप्रिल १५१८ मध्ये हायडेलबर्ग येथील वादसभेत त्याने ल्यूथरला ऐकले आणि तो त्याच्या विचारांनी भारावून गेला. तरीही तो रातोरात मठातून पळाला नाही. कोवळ्या वयात आपल्याला दबावाखाली व्रत घ्यावे लागले, असे मांडून त्याने १५२१ साली चर्चकडूनच रीतसर व्रतमुक्ती मिळवली. या मुक्तीने मठ सुटला, धर्मगुरुपद मात्र सुटले नाही, आणि धर्मगुरूला विवाहाची मनाई होतीच. म्हणून १५२२ साली त्याने एलिझाबेथ जिल्बरायझेन या पूर्वाश्रमीच्या मठवासिनीशी लग्न केले, तेच माझ्या मते त्याचे खरे बंड होय. लवकरच तो बहिष्कृत झाला आणि १५२३ साली स्ट्रासबर्गच्या आश्रयास गेला. तेथील बागकाम करणाऱ्यांच्या व्यवसाय-संघाच्या सेंट ऑरेलिया चर्चने त्याला उपदेशक म्हणून निवडले.

पुढची पंचवीस वर्षे, प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमधील भाकर व द्राक्षारसाच्या विधीच्या, अर्थावरून भांडणाऱ्या ल्यूथर आणि स्वित्झर्लंडमधील सुधारक झ्विंग्ली यांच्या पक्षांत समेट घडवण्यात त्याची बरीचशी शक्ती खर्ची पडली, आणि मध्यस्थाच्या वाट्याला येणारा दोन्हीकडचा संशयही त्याला चुकला नाही. कॅथलिक सम्राट पाचवा चार्ल्स याने लादलेली धार्मिक तडजोड त्याने नाकारल्यामुळे १५४९ साली स्ट्रासबर्गही सुटले. इंग्लंडने त्याला केंब्रिजमध्ये प्राध्यापकपद दिले, पण तेथील थंडी त्याला सोसवेना. तेव्हा जर्मन पद्धतीची शेगडी बांधून घेण्यासाठी खुद्द राजा सहावा एडवर्ड याने त्याला पैसे दिले. १५५१ साली तो तेथेच वारला.

एवढ्यावरही प्रकरण मिटले नाही. कॅथलिक राणी मेरीच्या राजवटीत, १५५७ साली, त्याची शवपेटी उकरून केंब्रिजच्या बाजारचौकात आणली गेली, पळून जाण्याची तिळमात्र शक्यता नसलेल्या त्या मृताला साखळीने खांबाशी जखडण्यात आले आणि त्याच्या पुस्तकांसह जाळण्यात आले. तीनच वर्षांनी, राणी पहिली एलिझाबेथ गादीवर असताना, त्याच विद्यापीठाने त्याचे सारे मानसन्मान समारंभपूर्वक परत केले.