मस्टँग ५.० ला मागचा रेशो कोणता: ३.५५, ३.७३ की ४.१०?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. १९९१ ची फोर्ड मस्टँग एलएक्स ५.०, टी-५ मॅन्युअल गिअरबॉक्स, इंजिन कंपनीतून आलं तसंच, मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो २.७३, म्हणजे चाकाच्या एका फेरीला प्रोपेलर शाफ्टच्या २.७३ फेऱ्या. आठवड्यातून दोन-तीनदा हायवेने ऑफिस, अधूनमधून ड्रॅग स्ट्रिप, म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतीचा पट्टा. आणि मित्रमंडळी म्हणतायत, "डोळे मिटून ४.१० टाक."

माझं उत्तर ३.७३. गाडी रोज ऑफिसला नेणार असाल तर ३.५५. ४.१० या गाडीत, आजच्या अवस्थेत, नको.

मागचा रेशो एकटा काहीच सांगत नाही. चाकाला मिळतो तो गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल यांचा गुणाकार. तुमच्या टी-५ चा पहिला गिअर ३.३५. त्याला २.७३ ने गुणलं की ९.१५, ३.७३ ने १२.५ आणि ४.१० ने १३.७. रस्त्यावरच्या मॅन्युअल गाडीला हा आकडा ११ ते १२.५ च्या दरम्यान असावा असं माझं मत. त्याच्या वर गेलात की क्लच पुरता सुटेपर्यंत दुसरा टाकायची वेळ येते. ५,५०० आरपीएमला पहिला गिअर सध्या ताशी ४६ मैलांवर संपतो, ३.७३ ने ३४ वर संपेल, ४.१० ने ३१ वर. शिवाय २२५ रुंदीचे साधे रस्त्याचे टायर १३.७ चा जोर जमिनीवर उतरवू शकत नाहीत. नुसता धूर होणार.

मग मित्र ४.१० ची एवढी तारीफ का करतात? खोटं बोलत नसतील, फक्त त्यांची गाडी वेगळी असेल. एखाद्याकडे नंतर बसवलेला 'झेड' टी-५ असेल. त्याचा पहिला गिअर २.९५ आणि पाचवा ०.६३. त्याला ४.१० लावला तर गुणाकार येतो १२.१, म्हणजे जवळपास तुमचा ३.७३ च. एखाद्याकडे १९९९ ते २००४ मधली ४.६ जीटी असेल. ते इंजिन २६० अश्वशक्ती ५,२५० आरपीएमला देतं, तुमचं २२५ अश्वशक्ती ४,२०० ला. वर फिरणाऱ्या इंजिनाला मोठा रेशो मानवतो. एओडी ऑटोमॅटिकवाल्यांचं तर विचारूच नका. त्यांचा पहिला गिअर २.४०, त्यामुळे ३.७३ घालूनही गुणाकार ८.९५, तुमच्या आजच्या आकड्यापेक्षाही कमी. ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असलेला टॉर्क कन्व्हर्टर गाडी सुटताना भर घालतो, पण "३.७३ तर काहीच वाटत नाही" हे त्यांचं वाक्य तुमच्या कामाचं नाही. कोणी रेशो सुचवला की आधी विचारा, गिअरबॉक्स कोणता आणि टायर केवढा?

आता हायवे. हिशोब सोपा आहे: ताशी मैल गुणिले ३३६ गुणिले मागचा रेशो गुणिले गिअर, भागिले टायरची इंचातली उंची. तुमचा २२५/५५ आर १६ टायर २५.७ इंच भरतो, पाचवा गिअर ०.६८. ७० मैलांना २.७३ वर १,७०० आरपीएम, ३.०८ वर १,९१५, ३.५५ वर २,२१०, ३.७३ वर २,३२० आणि ४.१० वर २,५५०. २.७३ ही ५५ मैलांच्या वेगमर्यादेच्या आणि इंधन-सरासरीच्या कायद्याच्या दिवसांतली देणगी आहे. ५५ ला पाचव्यात ते इंजिन जेमतेम १,३३५ वर फिरतं. जरा चढ आला की चौथा टाकावा लागतो, हे तुम्ही अनुभवतच असाल. ३.७३ वर पाचवा खऱ्या अर्थाने वापरता येतो. ४.१० चे २,५५० इंजिनाला जड नाहीत, पण सायलेन्सर बदललेले असतील तर तासभर तो घुमणारा आवाज डोक्यात बसतो.

स्ट्रिपवर पाव मैल साधारण ९८ मैलांच्या वेगाने संपतो असं धरू. २.७३ वर तुम्ही तिसऱ्यात ४,६५० आरपीएमला रेघ ओलांडता, ३.७३ वर चौथ्यात ४,७८० ला, ४.१० वर चौथ्यात ५,२५० ला. ४,२०० नंतर उतरणीला लागणारं इंजिन ५,२५० ला ओढत नाही, नुसतं ओरडतं. पुढेमागे इंजिनाचे हेड, कॅम, इनटेक बदललेत तर हे गणित पुन्हा मांडा, तेव्हा ४.१० ला अर्थ येईल. आणखी एक गंमत: ३.७३ वर दुसरा गिअर ५७ मैलांनाच संपतो, म्हणून शून्य ते ६० च्या मोजणीत एक शिफ्ट वाढते आणि कागदावर फायदा किरकोळ दिसतो. त्याने खट्टू होऊ नका. खरा फरक ३० ते ७० च्या ओव्हरटेकिंगमध्ये जाणवतो.

"मोठ्या रेशोने टी-५ मोडतो" असंही कोणी सांगेल. उलट आहे. अ‍ॅक्सल गिअरबॉक्सच्या नंतर येतो. रेशो वाढला की टायर लवकर सुटतो आणि गिअरबॉक्सवर ताण कमी येतो. चिकट ड्रॅग टायर लावले की मात्र ही ढाल गेली.

३.५५ आणि ३.७३ यांत फरक पाच टक्के, हायवेवर ११० आरपीएम. यावर झोप घालवू नका. ३.०८ मात्र घेऊ नका. मजुरी तेवढीच, वाढ फक्त तेरा टक्के.

ऑर्डर देण्याआधी मागे खरंच २.७३ आहे का ते बघा. तीस वर्षांत कोणी काय बदललं असेल सांगता येत नाही. डिफरन्शियलच्या झाकणाच्या बोल्टखाली पत्र्याची पट्टी असते, त्यावर '२एल७३' असं काही दिसेल. मधला 'एल' म्हणजे लिमिटेड स्लिप, एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारं डिफरन्शियल. दाराच्या स्टिकरवर अ‍ॅक्सलचा कोड 'एम' असेल तर २.७३, 'झेड' असेल तर ३.०८, दोन्ही लिमिटेड स्लिपवाले. पट्टी नसेल तर पुढची चाकं अडवून मागची दोन्ही स्टँडवर उचला, गिअर न्यूट्रलला ठेवा, चाक एक पूर्ण फेरी फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टच्या फेऱ्या मोजा. पावणेतीनच्या आसपास आल्या की खात्री.

८.८ इंची अ‍ॅक्सलची चांगली गोष्ट म्हणजे २.७३ वरून ३.७३ ला जाताना कॅरिअर, म्हणजे क्राउन गिअर ज्यावर बसतो तो भाग, तोच चालतो. शेवरोलेच्या १२-बोल्टसारखी कॅरिअर बदलायची भानगड नाही. पण क्राउन-पिनियन, म्हणजे रेशो ठरवणारी दातेरी जोडी, बसवणं हे घरी यूट्यूब बघून करायचं काम नव्हे. पिनियनच्या डोक्याखालचा शिम (अंतर जुळवणारी पातळ चकती), नवीन क्रश स्लीव्ह (आवळताना दबणारी नळी), बेअरिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला दाब), बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) ०.००८ ते ०.०१५ इंचांच्या आत, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. मेकॅनिकला दातांना पिवळी पेस्ट लावून उठलेल्या ठशाचा फोटो पाठवायला सांगा. ठसा दाताच्या मधोमध हवा. मुळाकडे सरकलेला असेल तर पिनियन फार आत गेलाय, शिम पातळ करायला हवा. टोकाकडे असेल तर जाड. फोटो द्यायला कां-कूं करणाऱ्याकडे गाडी देऊ नका. चुकीच्या ठशावर बसलेला सेट अ‍ॅक्सिलरेटर दाबला किंवा सोडला की शिट्टी घालतो आणि ती कुठल्याही ऑइलने जात नाही.

उघडलंच आहे तर बेअरिंग, सील आणि लिमिटेड स्लिपच्या क्लच प्लेट्स नव्या घाला. ऑइलबरोबर फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे या प्लेट्ससाठी ऑइलमध्ये मिसळायचं द्रव्य, विसरू नका. सुरुवातीला पंधरा-वीस मैल सावकाश चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा करा, आणि ५०० मैलांना ऑइल बदला.

राहिला स्पीडोमीटर. त्याचं गिअर नाही बदललं तर ६० ने जाताना काटा ८२ दाखवेल. केबलच्या टोकाचं प्लास्टिकचं गिअर काढून दात मोजा. १५-१६ असतील तर गिअरबॉक्सच्या आतलं, त्याला फिरवणारं गिअर ७ दातांचं आहे, ३.७३ साठी २१ दातांचं घ्या, काम संपलं. १७-१८ असतील तर आतलं ८ दातांचं आहे आणि हिशोबाने जवळपास २४ दात लागतात. तेवढं मोठं सहसा मिळत नाही, त्यामुळे गिअरबॉक्सचं मागचं हाउसिंग उतरवून आतलं गिअर ७ दातांचं करावं लागेल. गाडी गॅरेजला टाकण्याआधीच हे मोजून घ्या, म्हणजे दोन्ही कामं एकाच मजुरीत बोलता येतील.