खाट उचलणारे चौघे

'माझे पती ५४ वर्षांचे आहेत. चौदा महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं गेलं. "हो", "नाही" आणि कधीतरी माझं नाव, एवढंच तोंडातून निघतं. सुरुवातीला मी रात्र रात्र प्रार्थना केली, उपास धरले. आता होत नाही. चर्चच्या मंडळीतले काहीजण म्हणतात, तुझा विश्वास कमी पडतोय. लपवलेलं पाप असेल तर कबूल कर. परवा त्यांचं अंग पुसताना ओला टॉवेल हातात तसाच राहिला आणि मी मोठ्याने म्हणाले, "देवा, तुझं-माझं संपलं." तरी रविवारी उपासनेला जाते. गीताला नुसते ओठ हलवते. हे ढोंग नाही का? जाणं बंद करू?'

प्रिय ताई,

आधी त्या टॉवेलचं बोलू. ज्याच्याशी खरोखर संपलेलं असतं, त्याला ते सांगायला कुणी जात नाही. आपण त्याचं नाव घेणं सोडतो, बस्स. तुम्ही मात्र 'देवा' अशी हाक मारून सुरुवात केलीत. मी तर त्याला प्रार्थनाच म्हणेन. कदाचित या चौदा महिन्यांतली सगळ्यात खरी.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातली कितीतरी निव्वळ गाऱ्हाणी आहेत. तेरावं उघडा. 'किती काळ?' हा प्रश्न तिथे पुन्हा पुन्हा येतो. बहुतेक गाऱ्हाणी शेवटी स्तुतीकडे वळतात, पण अठ्ठ्याऐंशीवं वळत नाही. ते अंधारात सुरू राहतं आणि अंधारातच थांबतं. त्याला गोड शेवट जोडावा असं कुणालाही वाटू शकलं असतं, पण ते तसंच ठेवलं गेलं. खुद्द प्रभूने वधस्तंभावर 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' असं विचारलं, ते शब्दही बाविसाव्या स्तोत्राचे.

आता पाप शोधणाऱ्यांकडे वळते. मला त्यांचा राग येतो, हे लपवत नाही. बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. तोवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. दुःख आलंय म्हणजे काहीतरी पाप केलं असणारच, हा त्यांचा हिशेब. शेवटी देव रागावला तो या मित्रांवर. तावातावाने भांडणाऱ्या ईयोबाबद्दल तो म्हणाला की हा माझ्याविषयी नीट बोलला. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही हेच विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूचं उत्तर होतं, दोघांचंही नाही.

पंडिता रमाबाईंचं नावही कुणी ऐकवलं असेलच. १८८२ साली नवरा गेला, १९२१ साली एकुलती एक मुलगी गेली, तरी बाई डगमगल्या नाहीत, वगैरे. खरं आहे ते. पण असं उदाहरण ज्याने त्याने स्वतःसाठी घ्यावं. दुसऱ्याच्या पाठीत घालायची काठी नव्हे ती.

पुढच्या वेळी कुणी विश्वासाबद्दल सांगू लागलं की म्हणा, 'दोन तास यांच्यापाशी बसता का? मी जरा पडते.' निम्मे लोक यायचे बंद होतील. उरतील ते तुमचे. माझी आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा शेजारच्या एक बाई दर गुरुवारी यायच्या, माझ्या हातातलं औषधांचं ताट घ्यायच्या आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवायच्या. प्रार्थना करायच्या की नाही, कोण जाणे. मी झोपलेली असायचे.

मार्कच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायातली गोष्ट तुम्हाला पाठ असेल, पण तिच्यातला एक शब्द पुन्हा पाहा. पक्षघाती माणसाला चौघे उचलून आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही, म्हणून छप्पर उसकटून खाट खाली सोडतात. येशूने काय पाहिलं? 'त्यांचा' विश्वास. खाटेवरच्या माणसाचा किती होता, होता की नव्हता, याबद्दल एक अक्षरही नाही. तुमचे पती बरे होत नाहीत ते तुमचा विश्वास कमी पडला म्हणून, हे मनातून काढा. आणि दुसरं, सध्या खाटेवर तुम्हीही आहात. मंडळी गाते आणि तुम्ही ओठ हलवता, तेव्हा ढोंग कसलं? तेवढा वेळ दोऱ्या दुसऱ्यांच्या हातात आहेत. जावंसं वाटेल तेव्हा जा, मागच्या बाकावर बसा. एखाद्या रविवारी नाही गेलात तर नाही.

उपास मात्र लगेच बंद. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल तर तुमच्या स्वतःसाठी डॉक्टरांना भेटा, आणि लवकर. त्याने विश्वासाला कमीपणा येत नाही.

जाता जाता एक. तुमच्या पतींसारखी वाचा गेलेली बरीच माणसं बोलू शकत नाहीत, पण ओळखीचं गाणं गाऊ शकतात. बोलणं बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतं, गाण्यात उजवी बाजूही कामाला लागते. सगळ्यांना जमतं असं नाही. वाचा-उपचार करणाऱ्यांना जरूर विचारा. पण लहानपणापासून त्यांच्या तोंडी असलेलं एखादं गीत संध्याकाळी शेजारी बसून गुणगुणून बघा. त्यांच्याकडून एखादी ओळ आली आणि तुमचा गळा दाटून आला, तर ती ओळ त्यांना एकट्यांना गाऊ द्या.