सोलापुरातल्या दिव्यांग कामगारांची कमाई कोणत्या आकडेवारीवरून काढावी?

फक्त सोलापूरसाठी तयार आकडा कुठल्याही राष्ट्रीय सर्वेक्षणात मिळणार नाही. दोन-तीन स्रोत जोडूनच अंदाज बांधावा लागेल. कारण सरळ आहे: एनएसएसच्या (राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण) ७६व्या फेरीत (जुलै-डिसेंबर २०१८) दिव्यांगत्व आणि कामाची स्थिती आहे, पण मजुरी नाही. २०११च्या जनगणनेचंही तेच, शिवाय तिथे दिव्यांगत्वाचे ८च प्रकार आहेत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१. पीएलएफएसमध्ये (सरकारचं रोजगार-बेरोजगारीचं सर्वेक्षण) कमाई मिळते, पण २०२३-२४पर्यंतच्या फेऱ्यांत दिव्यांगत्वाचा प्रश्न नाही. दोन्ही एकत्र हवं असेल तर आयएचडीएस (भारतीय मानव विकास सर्वेक्षण, २०११-१२) घ्या. त्यात चालणं, दिसणं, ऐकणं यांतल्या अडचणी आणि मजुरी एकाच माणसाची मिळते.

मग असं करा:
- आयएचडीएसमधून अडचण असलेल्या-नसलेल्यांच्या मजुरीचं गुणोत्तर काढा, वय, लिंग, शिक्षण धरून.
- पीएलएफएसमधली महाराष्ट्राची ताजी मजुरी घ्या: सोलापुरातल्या विडीकामासाठी एनआयसी (उद्योगांचं सरकारी वर्गीकरण) १२, यंत्रमागासाठी १३. तिला ते गुणोत्तर लावा.

खरी गफलत विडीत होते. मजुरी हजारी दराने, म्हणजे दर हजार विड्यांमागे मिळते, म्हणून कामगारांना "दिवसाला किती" न विचारता आठवड्यात किती हजार विड्या वळल्या, त्यातल्या नापास किती गेल्या, हे विचारा. आणि एक लक्षात ठेवा: ज्यांना कामच मिळालं नाही ते या सरासरीत नसतात, त्यामुळे तफावत खऱ्यापेक्षा कमी दिसू शकते.